घरच्या स्वॅब टेस्टचा ‘निगेटिव्ह’ किती धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काल संध्याकाळपासून घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. तीन दिवसांपूर्वी ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी कोविड पॉझिटिव्ह निघाला. आज सकाळी घरीच नाकातला स्वॅब घेऊन टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. घरात आई आहे, तिची केमो चालू आहे आणि परवा तिला पुढच्या डोससाठी न्यायचंय. या टेस्टवर विश्वास ठेवावा, की हे किट नुसते नावाला असतात?

परवाच्या निर्णयासाठी आजच्या निगेटिव्हवर विसंबू नका. किट नावाला असतात, हेही तितकंच चुकीचं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते नीट सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आरटीपीसीआर (विषाणूचं जनुक शोधणारी प्रयोगशाळेतली तपासणी) आणि रॅपिड अँटिजेन (विषाणूचं प्रथिन शोधणारी, तुमचं घरचं किट याच प्रकारचं) या दोन्ही तपासण्या रोजच्या हाताखालच्या आहेत आणि घरी टेस्ट करून गोंधळलेली माणसंही आमच्याकडे बरीच येतात.

तुम्ही विचारलंय टेस्टबद्दल, पण खरा प्रश्न आहे तो ‘आईच्या शेजारी बसू का’ हा. ही दोन उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. टेस्ट फक्त एवढंच सांगते, की या स्वॅबच्या बोळ्यावर, या वेळी, रेघ उमटण्याइतकं विषाणूचं प्रथिन होतं का. त्यावरून तुम्हाला लागण झाली आहे का, हे आपण ताडतो. ते ताडताना तुमची लक्षणं, सहकाऱ्याचा संपर्क, लक्षणं सुरू होऊन किती तास झाले, हे सगळं जमेस धरावं लागतं.

आधी पट्टीच्या आत काय होतं ते बघू. नळीतल्या द्रवामुळे विषाणूचं आवरण फुटतं आणि आतलं न्यूक्लिओकॅप्सिड नावाचं प्रथिन मोकळं होतं. पट्टीवर रंगीत कण चिकटवलेल्या अँटिबॉडी असतात, त्या या प्रथिनाला पकडतात आणि द्रवाबरोबर पुढे सरकतात. ‘टी’ च्या, म्हणजे टेस्टच्या रेघेच्या, जागी दुसऱ्या अँटिबॉडी रोवून ठेवलेल्या असतात. तिथे हे कण अडकतात, पुरेसे अडकले की डोळ्यांना रेघ दिसते. यात कुठेही प्रथिनाची संख्या वाढवली जात नाही. आरटीपीसीआरमध्ये मात्र प्रत्येक आवर्तनात जनुकाच्या तुकड्याची प्रत जवळपास दुप्पट होते, दहा आवर्तनांत सुमारे हजारपट. म्हणून आरटीपीसीआरला चिमूटभर विषाणूही सापडतो. घरच्या किटचं लांबून बघण्यासारखं आहे: जमाव झाला असेल तर लगेच दिसतो, एकटादुकटा माणूस दिसत नाही.

आता कॅसेटवरची, म्हणजे पट्टी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या डबीवरची, ‘सी’ ची (कंट्रोलची) रेघ. बहुतेकांचा समज असा, की ‘सी’ ची रेघ आली म्हणजे टेस्ट बरोबर झाली. ती रेघ सांगते, की द्रव पट्टीवरून शेवटपर्यंत वाहिला आणि पट्टीवरचं रसायन काम करतंय. स्वॅब नाकात नीट फिरला का, हे तिला कळायचा मार्गच नाही. स्वॅब नाकात न घालता तसाच कोरडा नळीत बुडवला, तरी ‘सी’ ची रेघ ठसठशीत येईल. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच आरटीपीसीआर किटमध्ये विषाणूबरोबर आरएनेझ पी नावाचं माणसाचं एक जनुकही शोधतात. ते सापडलं नाही तर सॅम्पल आलंच नाही असं समजून आम्ही पुन्हा मागवतो. घरच्या किटमध्ये ही सोय सहसा नसते. ती जबाबदारी तुमच्या हातावर येते. आणि वाईट स्वॅबचा रिपोर्ट ‘वाईट स्वॅब’ असा येत नाही, तो ‘निगेटिव्ह’ असाच येतो. घरच्या टेस्टबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन.

हात किती फरक पाडतो याचं माप झालेलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेने एका रॅपिड किटची पाहणी जाहीर केली. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी टेस्ट केली तेव्हा लागण झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के पकडले गेले, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून ७३ टक्के, आणि नुसत्या सूचना वाचून शिकलेल्यांच्या हातून ५८ टक्के. किट तेच होतं. दुसरीकडे जर्मनीत झालेल्या एका तुलनेत लोकांनी सूचना वाचून, देखरेखीखाली, स्वतः नाकाचा स्वॅब घेतला. त्यात ७४ टक्के सापडले, तर प्रशिक्षित माणसाने नाकातून खोलवर घेतलेल्या स्वॅबमध्ये जवळपास ८०. म्हणजे स्वतः स्वॅब घेणं हे मुळातच कमअस्सल नाही. शेजारी कुणी लक्ष ठेवून असेल आणि घाई नसेल, तर साध्या माणसाचा हातही चांगला चालतो. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती सुधारता येते.

आमच्याकडे एक तरुण आला होता. दोन घरच्या टेस्ट निगेटिव्ह, अंगात ताप, बायको पॉझिटिव्ह. मी त्याला म्हटलं, घरी कसं केलंत ते मला करून दाखवा. त्याने स्वॅब एका नाकपुडीच्या तोंडाशी दोनदा हलकेच फिरवला, शिंक येईल म्हणून पटकन बाहेर काढला आणि नळीत बुडवून लगेच उचलला. बोळा जवळजवळ कोरडाच होता, पांढराशुभ्र. मग त्याच्याकडून सगळं पहिल्यापासून सावकाश करून घेतलं. ‘टी’ पाशी फिकट गुलाबी रेघ दिसायला लागली. श्रेय निव्वळ हाताचं नसेल, कारण त्याच्या घरच्या टेस्टनंतर एक दिवस उलटला होता आणि तेवढ्यात विषाणूही वाढला असेल. पण तो कोरडा बोळा मी अजून प्रत्येकाला सांगते.

नीट म्हणजे कसं, ते सांगते. शेंबूड साचला असेल तर आधी नाक शिंकरून घ्या, हात धुऊन कोरडे करा. बोळ्याला बोट लागू देऊ नका. बहुतेक नाकाच्या किटमध्ये स्वॅब साधारण दोन सेंटिमीटर आत जातो. मेंदूपर्यंत घालायचा नाही, पण नाकाच्या दारातही थांबायचं नाही. आतल्या भिंतीला टेकवून, थोडा दाब देऊन, पाच-सहा पूर्ण वळसे घ्या. प्रत्येक नाकपुडीला पंधरा सेकंद तरी जाऊ द्यात. डोळ्यांत जरा पाणी आलं तर घाबरू नका. तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीतही फिरवायचा. मग नळीत बुडवून पत्रकात सांगितलंय तितक्या वेळा घुसळा आणि बाहेर काढताना नळीच्या बाजू दाबून बोळा पिळून घ्या. सॅम्पल त्या बोळ्यातच अडकून बसलेलं असतं आणि घाईत तेच फेकलं जातं. थेंब मोजून टाका. तीन सांगितले असतील तर तीन, बुडबुडा निघाला तर तो थेंब धरू नका. कॅसेट सपाट जागी ठेवा. घड्याळ लावा.

वाचण्याच्या वेळेबद्दल लोक फार बेफिकीर असतात. बऱ्याच किटला पंधरा मिनिटं लागतात, पण तुमच्या पत्रकात असेल तोच आकडा धरायचा. लवकर वाचलं तर फिकट रेघ यायची राहून जाते. खूप उशिरा वाचलं तर द्रव सुकताना राखाडी सावलीसारखी रेघ उमटू शकते, ती धरायची नसते. मात्र वेळेच्या आत रंगाची कितीही फिकट रेघ ‘टी’ पाशी दिसली तर ती पॉझिटिव्ह. ‘जरा जरा पॉझिटिव्ह’ असं काही नसतं. ‘सी’ ची रेघच आली नाही तर ती टेस्ट बाद, नव्या किटने पुन्हा करा. किट साधारण २ ते ३० अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असतात. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या किटवर मी विसंबणार नाही. फ्रिजमधून काढलेलं किट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

घशातून स्वॅब घेऊ का, असंही बरेच जण विचारतात. शंका बिनबुडाची नाही. लंडनमध्ये तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम अगदी थोड्या विषाणूची लागण करून जो अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाणू आधी घशात सापडला, साधारण ४० तासांनी. नाकात तो ५८ तासांच्या सुमाराला दिसू लागला, पण पुढे नाकातलं प्रमाण घशापेक्षा जास्त चढलं. तरीही फक्त नाकासाठी बनवलेलं किट घशाला लावू नका. ते घशातल्या लाळेवर, चिकटपणावर, आम्लतेवर तपासलेलं नसतं. आंबट पेय थेट कॅसेटवर ओतलं तर खोटी पॉझिटिव्ह रेघ येते, हा प्रयोग बऱ्याच जणांनी करून पाहिलाय. कारण तिथे द्रवाची आम्लता बिघडते. घसा आणि नाक दोन्हींसाठी बनवलेले किटही मिळतात, त्यांच्या पत्रकात तसं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या बाबतीत सगळ्यात निर्णायक गोष्ट: वेळ. लक्षणं काल संध्याकाळी सुरू झाली आणि टेस्ट आज सकाळी. साथीच्या पहिल्या वर्षात लक्षणं दिसेपर्यंत नाकातला विषाणू बहुधा शिखराच्या आसपास पोचलेला असायचा. आता आपल्यातल्या बहुतेकांच्या शरीराने लशीतून किंवा आधीच्या लागणीतून हा विषाणू ओळखून ठेवलाय. शरीर लवकर प्रतिकार सुरू करतं, त्यामुळे घसा आधी दुखतो आणि विषाणूचं प्रमाण मागाहून चढतं. अटलांटामध्ये २०२२ आणि २०२३ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवर झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण लक्षणांच्या चौथ्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक दिसलं. त्यावरून काढलेला अंदाज असा: अँटिजेन टेस्ट पहिल्या दिवशी ३० ते ६० टक्के लागणी पकडेल, तिसऱ्या दिवशी ५९ ते ७५ टक्के, आणि चौथ्या दिवशी ८० ते ९३ टक्के.

हे आकडे तुमच्या घरात आणून बघू. तुमच्यासारखीच परिस्थिती असलेली शंभर माणसं घ्या: लक्षणं आहेत, शेजारी बसणारा पॉझिटिव्ह आहे. त्यातल्या पन्नास जणांना खरोखर लागण झाली असेल असं मी धरते. हा माझा अंदाज आहे, तो तुमच्या भागात साथ किती आहे आणि सहकाऱ्याबरोबर बंद खोलीत किती वेळ होतात यावर वर-खाली होईल. पहिल्या दिवशी, ३० ते ६० च्या मधले ४५ टक्के धरले, तर टेस्टने पन्नासातले २३ पकडले, २७ सुटले. लागण नसलेले पन्नास जण जवळजवळ सगळे निगेटिव्ह येणार. म्हणजे एकूण ७७ निगेटिव्ह, त्यातले २७ आजारी. दर तीन निगेटिव्हमागे एकाला लागण आहे. तुमचा आजचा निगेटिव्ह हा इतक्याच वजनाचा आहे. हीच शंभर माणसं चौथ्या दिवशी टेस्ट करतील आणि ८० टक्के पकडले जातील, तर निगेटिव्ह ६० आणि त्यात सुटलेले १०, म्हणजे सहांत एक. बरंच बरं, तरी शून्य नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. कुणाला लक्षणं नाहीत, संपर्क नाही, साथ ओसरलेली आहे, आणि प्रवासापूर्वी सहज म्हणून टेस्ट केली तर? कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात या किटची लक्षणं असलेल्यांतली सरासरी संवेदनशीलता (लागण असलेल्याला पॉझिटिव्ह म्हणण्याची क्षमता) ७३ टक्के आणि लक्षणं नसलेल्यांतली ५५ टक्के निघाली. लागण नसलेल्याला निगेटिव्ह म्हणण्याची क्षमता मात्र ९९ टक्क्यांहून जास्त होती. तरीही हजार माणसांत दोघांनाच लागण असेल, तर खरा पॉझिटिव्ह एखादा सापडेल आणि खोटे पॉझिटिव्ह चारएक निघतील. अशा माणसाने पॉझिटिव्ह आल्यावर घरात थांबावं, पण लगेच आरटीपीसीआर किंवा दुसऱ्या कंपनीच्या किटने खात्री करावी. तुमचं तसं नाही. तुमच्या परिस्थितीत फिकट रेघ जरी आली तरी ती खरीच समजा, खात्रीसाठी वेळ घालवू नका.

म्हणून एका निगेटिव्हवर थांबायचं नाही, हा नियम आता ठरून गेलाय. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की लक्षणं असतील तर निगेटिव्ह आल्यावर ४८ तासांनी पुन्हा टेस्ट करा, म्हणजे किमान दोन. लक्षणं नसतील आणि संपर्क आला असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने किमान तीन. मधलं अंतर महत्त्वाचं आहे. एकाच सकाळी तीन किट वापरले तर तुम्ही तोच क्षण तीनदा तपासला. त्यातून हाताची चूक कदाचित कळेल, विषाणूला वाढायला वेळ मात्र मिळत नाही.

मग किट चांगले कशाला? विषाणू भरपूर असताना ते फार चांगले आहेत. कॉक्रेनच्याच आढाव्यांत विषाणूचं प्रमाण जास्त असलेल्या नमुन्यांत ते ९० टक्क्यांहून जास्त वेळा पॉझिटिव्ह आले. साधारणपणे माणूस सगळ्यात जास्त पसरवतो तो याच काळात. पंधरा मिनिटांत, घरातून बाहेर न पडता हे कळणं ही लहान गोष्ट नाही. आजारातून उठताना तर मी आरटीपीसीआरपेक्षा घरच्या किटला पसंती देते. आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, कारण ती मेलेल्या विषाणूचे तुकडेही मोजते. घरची रेघ अजून ठळक असेल तर आईच्या खोलीत जायची वेळ आलेली नाही, एवढं तिच्यावरून नक्की ठरवता येतं.

एक सावधगिरी. हे सगळं कोविडच्या अँटिजेन किटबद्दल आहे, दुसऱ्या विषाणूच्या घरगुती किटला हेच गणित लावू नका. एचआयव्हीचं हिरड्यांवरून स्वॅब फिरवायचं किट विषाणू शोधतच नाही, शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधतं. त्यामुळे ताज्या लागणीत ते तीन महिन्यांपर्यंत निगेटिव्ह राहू शकतं, आणि तिथे ४८ तासांनी पुन्हा करण्याला अर्थ नाही. एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत विषाणूसाठी बाई स्वतः स्वॅब घेते, पण तपासणी प्रयोगशाळेत पीसीआरने होते, आणि तिचा निकाल डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा असतो. कुणीही विचारलं ‘घरची टेस्ट भरवशाची का’, तर माझा पहिला प्रतिप्रश्न असतो: कुठल्या विषाणूची, आणि ती शोधते काय?

आता तुमच्या आईकडे येते. तुमची टेस्ट उद्या, परवा, तेरवा निगेटिव्हच येत राहिली, तरी तुम्हाला काहीतरी झालंय हे तर खरं आहे. तो फ्लू असेल, आरएसव्ही नावाचा श्वसनमार्गाचा विषाणू असेल, साधी सर्दी असेल. कोविडच्या किटला यातलं काही कळत नाही, आणि केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला यातलं काहीही महागात पडू शकतं. म्हणून विषाणूचं नाव काय हे तुमच्या वागण्यापुरतं दुय्यम आहे. आजपासून वेगळी खोली, दोघांनीही एन-९५ मास्क, खिडक्या उघड्या, तिचं जेवण-औषध दुसऱ्या कुणाच्या हातून. दुसरी टेस्ट परवा करा, तिसरी लक्षणांच्या चौथ्या दिवशी. शक्य असेल तर आजच आरटीपीसीआर द्या. तुमच्या बाबतीत ती चैन नाही, कारण उत्तर लवकर कळण्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे.

आईला शिंक, खोकला, घसा काही सुरू झालं तर तिच्या घरच्या टेस्टची वाट बघू नका, तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. कोविडची गोळ्यांची औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायची असतात. दोन निगेटिव्हची वाट बघण्यात त्यातले निम्मे दिवस निघून जातात. आणि केमो चालू असताना तिला ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर टेस्ट काहीही म्हणो, रात्र असो की पहाट, तो तातडीचा प्रसंग आहे. त्या वेळी किट उघडत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

परवा तिच्याबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवता आलं तर तेच करा. ते जमण्यासारखं नसेल, तर निघण्याआधी, शक्य तर उद्याच, केमोच्या विभागाला फोन करा. फोनवर ‘माझी टेस्ट निगेटिव्ह आहे’ एवढंच सांगू नका. काल संध्याकाळपासून लक्षणं आहेत, सहकारी पॉझिटिव्ह आहे, पहिल्या दिवशीची एक घरची टेस्ट निगेटिव्ह आहे, असं सगळं एका दमात सांगा. डोस ठरल्या दिवशी द्यायचा, की चार दिवस पुढे ढकलायचा, की तिची वेगळ्या खोलीत सोय करायची, हे ते ठरवतील.